सातवं गाणं

धाकटीचं तोंड सकाळी आठला सुरू व्हायचं ते संध्याकाळी पाचला बंद व्हायचं, आणि त्याचाच तिला पगार मिळायचा. ती मोटार चालवायला शिकवत असे. शेजारच्या सीटवर बसायचं, पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवायचा आणि शिकणाऱ्याला बोलत बोलत पुढे न्यायचं. क्लच हळू सोडा, तो काही पळून जात नाही. आरसा बघा, केस नंतर विंचरा. पुढचा थांबलाय, तुम्हीही थांबा, त्यात कमीपणा नाही. भलीभली घाबरट माणसं तिच्या या ठेक्यावर गिअर टाकायला शिकली होती. परीक्षेत सहसा कुणी नापास होत नसे. फक्त त्यांच्या घरचे तक्रार करत की आठ दिवस झाले, हे जेवायला वाढतानासुद्धा तसंच बोलतात.

घरात दोन मुली. थोरलीला सगळे ताई म्हणत, म्हणून ही धाकटी. सहा वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा रॅप करायला स्टेजवर चढली, तेव्हा यादी लिहिणाऱ्यानं नाव विचारलं. तिच्या आधीच्या पोरांनी वादळ, वणवा, विषारी अशी एकापेक्षा एक दणकट नावं दिली होती. हिनं सांगितलं, धाकटी. मागे दोघंतिघं फिसकन हसले. पाच मिनिटांनी ती खाली उतरली तेव्हा वादळ आणि वणवा दोघंही तिच्यासाठी खुर्ची शोधत होते.

तेव्हापासून ती कुणाला हार गेली नव्हती. तालात एकमेकांना शब्दांनी चीत करायच्या समोरासमोरच्या सामन्यात तर नाहीच. समोरचा काय बोलणार हे तिला आधीच कळायचं, जसं शिकाऊ माणूस आता चुकीचं वळण घेणार हे त्याच्या खांद्यावरून कळतं. जिभेला हाड नसतं म्हणतात. धाकटीच्या जिभेला पातं होतं.

आता एकतिसाव्या वर्षी तिचा पहिला अल्बम येत होता. दहा गाणी. नाव ठेवलं होतं ‘शिकाऊ’. पहिल्याच अल्बमला असं नाव देऊन स्वतःला कमी का लेखतेस, असं पुष्कळांनी विचारलं. तिचं म्हणणं एवढंच की रस्त्यावर ‘शिकाऊ’ पाटी लावलेली गाडी दिसली की मोठमोठे ट्रकसुद्धा बाजूला होतात. मग नाव लहान कसं?

गाण्यांचे ताल बांधले होते ठोक्यानं. ठोक्या तिचा शाळेपासूनचा दोस्त. दिवसा तो चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या खोलीत ताल बांधायचा. शाळेत बाक वाजवून वाजवून त्याला हे नाव पडलं होतं आणि आता त्याची आईही त्याला त्याच नावानं हाक मारायची. त्याच्या खोलीच्या भिंतींना त्यानं जुन्या गाद्या ठोकल्या होत्या. त्या गाद्यांमध्ये उभं राहून, घामानं निथळत, धाकटीनं दीड वर्षात दहा गाणी गायली. एकेक ओळ वीस वीस वेळा. ठोक्या सरळ सांगायचा की इथं श्वास चोरलास, इथं शब्द खाल्लास, पुन्हा. ती पुन्हा गायची. या कामात तिनं कधी कुरकुर केली नाही.

दहांतलं सातवं गाणं सगळ्यांत जोरकस, असं दोघांचंही मत होतं. त्याचं नाव ‘वही’. धाकटी चौदा वर्षांची असताना तिची कवितांची वही आईनं कात्रीनं कापून टाकली होती, त्याचं ते गाणं. आई शिंपीण. घरीच मशीन टाकून कपडे आखूड-लांब करून द्यायची. गाण्यात होतं:

*चौदा वर्षांची पोर, जिभेला नवी धार,*
*आईनं वही उचलली, केली हद्दपार.*
*कात्री चालली पानांवर, घर सगळं स्तब्ध,*
*चिंध्यांच्या त्या पोत्यात गेले माझे शब्द.*

अल्बमच्या तीन आठवडे आधी ठोक्यानं या गाण्याचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा इंटरनेटवर सोडला. तो असा पसरला की दोघांनाही विश्वास बसेना. कुठल्या कुठल्या बायका लिहू लागल्या की माझ्या आईनं माझी चित्रं जाळली, माझ्या आईनं माझे नाचाचे घुंगरू देऊन टाकले. गाडी शिकायला आलेल्या एका परिचारिकेनं चौकात लाल दिवा लागल्यावर ते चार चरण धाकटीला म्हणून दाखवले. गाडी मागून कोकलणाऱ्या हॉर्नकडे दुर्लक्ष करून हिरव्या दिव्यातही उभीच राहिली. त्या दिवशी पहिल्यांदाच धाकटी तिला रागावली नाही.

हे गाणं आईनं ऐकलं तर काय, हा विचार तिच्या मनात आला नव्हता असं नाही. पण जे घडलं तेच मी सांगतेय, त्यात खोटं काय, असं म्हणून तिनं तो बाजूला सारला होता.

अल्बमला नऊ दिवस राहिले असताना ती कामावरून घरी आली. आई खिडकीपाशी मशीनवर एका जाड कोटाची चेन बदलत होती. तोंडात दोन टाचण्या धरलेल्या. त्या काढून तिनं आधी टाचण्यांच्या उशीत खोचल्या आणि मग सांगितलं की दुपारी कोट द्यायला आलेल्या बाई काय म्हणाल्या. बाई वीस वर्षांच्या गिऱ्हाईक. हसत हसत म्हणाल्या होत्या, तुमच्या मुलीचं गाणं ऐकलं बरं का. माझा कोट तेवढा जपून कापा.

आईच्या आवाजात राग नव्हता. धाकटीला ते जास्त जड गेलं. आई म्हणाली, “लोकांनी ऐकलंय, मी नाही. बस इथं. सगळी ऐकव, पहिल्यापासून.”

धाकटीनं फोन मशीनच्या फळीवर ठेवला. आई काम करत ऐकत राहिली. पहिल्या गाण्याला तिचा पाय मशीनवर त्याच तालात पडायला लागला. तिसरं गाणं एका शिकाऊ माणसाचं होतं, जो ड्रायव्हिंग स्कूलच्याच भिंतीवर गाडी घालतो आणि भिंतीला दोष देतो. ते ऐकून आई चक्क हसली. सहाव्याला तिनं विचारलं, एवढं एका दमात म्हणतेस तर श्वास कधी घेतेस. धाकटीला वाटलं, जमतंय, आई ऐकतेय. आणि मग सातवं लागलं.

आईचा पाय थांबला. गाणं संपेपर्यंत ती हातातल्या चेनकडे बघत बसली. पुढचं सुरू झाल्यावर तिनंच हात लांबवून फोन बंद केला.

“छान आहे,” ती म्हणाली. “कापली, हेही खरं आहे. पण हे गाणं अर्ध्यातून सुरू होतं.”

अर्ध्यातून म्हणजे काय, ते धाकटीला कळेना. तेव्हा आईनं सांगितलं. त्या वर्षी शाळेतल्या एका बाईंनी आईला बोलावून घेतलं होतं. धाकटीनं मधल्या सुट्टीत बाकावर उभं राहून एक कविता म्हटली होती, ताईवर. ताई तेव्हा दहावीत, त्याच शाळेत. ताईची जीभ अडखळायची, लहानपणापासून. कविता त्या अडखळण्यावरच होती, आणि धाकटीनं ती नक्कल करून म्हटली होती. आठ दिवसांत ती सगळ्या शाळेला पाठ झाली. आईनं घरी येऊन वही उघडली, कविता सापडली. कविता लिहिलेलं एकच पान फाडलं असतं तर चाललं असतं. पण रागाच्या भरात आईनं सगळीच वही कापली आणि चिंध्यांच्या पोत्यात भरली. ताईच्या हाती लागू नये, एवढाच विचार होता. कारण सांगितलं असतं तर घरात बोलणं झालं असतं आणि ताईला कळलं असतं. म्हणून आई मूग गिळून बसली. धाकटी महिनाभर आईशी बोलली नाही. तेही आईनं सोसलं.

“तिला अजून माहीत नाही,” आई म्हणाली. “आणि तिला सांगायची गरजही नाही. तुझं गाणं येऊ दे तसंच. मला काय, लोक दोन दिवस बोलतील.”

एवढं बोलून तिनं मशीन सुरू केलं.

धाकटीला ती मधली सुट्टी आठवत होती. बाकावर चढल्याचं आठवत होतं, आणि टाळ्या आठवत होत्या. तिच्या आयुष्यातल्या पहिल्या टाळ्या त्या. स्वप्नात दिलेल्या कित्येक मुलाखतींत तिनं त्या टाळ्यांबद्दल सांगितलं होतं. फक्त कशाबद्दल मिळाल्या, हे तिनं कधी स्वतःला विचारलं नव्हतं. विसरले म्हणणं सोपं होतं. खरं म्हणजे तिनं तिकडं कधी वळून पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोन शिकवण्यांच्या मधे ती चष्म्याच्या दुकानात गेली. ठोक्या मागच्या बाजूला चाकावर काच धरून बसला होता. तिनं उभ्या उभ्या विचारलं की शाळेत मी ताईवर काही म्हटलं होतं का. ठोक्यानं चाक थांबवलं, काच पुसली, पुन्हा पुसली.

“ठेका मीच धरला होता,” तो म्हणाला. “मला वाटलं, तुला माहीत आहे आणि तू मुद्दाम सोडलंयस.”

ओळी त्यालाही नीट आठवत नव्हत्या. पण ताई व्हरांड्यात खांबाशी उभी होती हे त्याला आठवत होतं. म्हणजे ताईनं ऐकलं होतं. धाकटीनं हे ऐकलं आणि शेजारच्या स्टुलावर बसली. त्या दुकानात सगळीकडे आरसे; जिकडे बघावं तिकडे तीच.

ठोक्यानं त्याच्या परीनं समजूत घातली. म्हणाला की चौदा वर्षांची होतीस, गाण्यात एक अक्षर खोटं नाही, आठ दिवस उरलेत आणि लोक याच गाण्याची वाट बघतायत. फार तर ते वगळू आणि नऊच ठेवू. धाकटीनं नकारार्थी मान हलवली. वगळलं तरी तो अर्ध्या मिनिटाचा तुकडा लोकांच्या फोनमध्ये राहणार, आणि आई कात्रीवाली ती कात्रीवालीच राहणार. सामन्यात समोरच्याला नामोहरम करायची तिला सवय होती. इथं समोर कुणी नव्हतंच. होती ती आपल्याच घरची माणसं, आणि ती सतरा वर्षं एक शब्द बोलली नव्हती.

आईनं नको म्हटलं होतं, तरी धाकटी त्या संध्याकाळी ताईकडे गेली. आईनं एकदा तिच्यासाठी गप्प राहून बघितलं होतं. पुन्हा तेच करणं धाकटीला परवडणार नव्हतं.

ताई रक्त तपासायच्या केंद्रात काम करायची. दिवसभर लोकांच्या दंडाला पट्टा बांधून नमुने घ्यायचे. तिचं बोलणं मोजकं. मूठ आवळा. सोडा. झालं. शीर शोधण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ज्यांची शीर कुणालाच सापडत नसे त्यांना लांबून तिच्याकडे पाठवत. धाकटी पोचली तेव्हा शेवटचा माणूस कापूस दाबत बाहेर पडत होता आणि ताई नळ्यांवर नावं चिकटवत होती. धाकटीनं तिथंच, नळ्यांच्या रांगेसमोर, सगळं सांगितलं. एरवी मिनिटाला दोनशे शब्द बोलणारी ती, पण चार वाक्यांना तिला बराच वेळ लागला. ताईनं मधे एकदाही शब्द पुरवला नाही. अडखळणाऱ्या माणसाला शब्द पुरवू नये, हे तिच्याइतकं कोण जाणणार.

मग ताईनं शेवटची चिठ्ठी चिकटवली, हातमोजे काढले आणि टेबलावर बोटानं ताल धरून, एकदाही न अडखळता, म्हणाली:

*ता-ता-ताई माझी बो-बो-बोलते,*
*एका शब्दाला ती तीन वेळा तोलते.*
*हजेरीला नाव तिचं पुकारतात बाई,*
*‘ह-ह-हजर’ म्हणेतो शाळा सुटून जाई.*

तालात म्हटलं की ताईची जीभ कधीच अडत नसे. धाकटीला हे लहानपणापासून माहीत होतं.

“चौदा वर्षांच्या मुलीच्या मानानं ब-बरी आहे,” ताई म्हणाली. “पण ‘ब’ वर मी अशी तीनदा अडकत नव्हते. एकदाच. तीनदा अडकायचे ती ‘ह’ वर आणि ‘क’ वर. एवढी वर्षं एका घरात राहून तुझं निरीक्षण कच्चं.”

धाकटीला हसावं की रडावं कळेना. ताईला मात्र पुढचं सांगायचं होतं, आणि ते तिनं सावकाश, जिथं थांबायचं तिथं थांबत, सांगितलं. त्या कवितेनंतर दहावीचं उरलेलं वर्ष तिनं हजेरीला तोंड उघडलं नाही. नुसता हात वर करायची. एक सर वहीतून मान वर काढत नसत. त्यांना हात दिसायचा नाही. ते तिची गैरहजेरी मांडायचे. वर्षाच्या शेवटी त्यांच्या तासाला तिची चाळीस दिवस गैरहजेरी निघाली. ती पहिल्या बाकावर बसायची, तरी. तेव्हा तिनं मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन, एकटीनं, अर्धा तास लावून, जे झालं ते सांगितलं. गैरहजेरी खोडली गेली. ताईच्या म्हणण्याप्रमाणे तो अर्धा तास तिला आयुष्यभर पुरला. त्यानंतर कुणापुढे बोलायची भीती म्हणून वाटली नाही.

“आता मी अडले की ल-लोक थांबतात,” ताई म्हणाली. “थांबतीलच. सुई माझ्या हातात असते.”

धाकटी तेव्हा मनापासून हसली, आणि मग तिला जे म्हणायचं होतं ते म्हणाली. मला माफ कर, असं. ताईनं नळ्यांचा ट्रे उचलून फ्रीजमध्ये ठेवला. मागं वळून ती म्हणाली की माफीचं बघू. ती काही पावती नाही, मागितली आणि फाडून दिली. त्या वर्षाचा राग तिला अजून कधी कधी येतो, आणि येईल. पण गाण्याबद्दल तिच्या दोन अटी होत्या. एक, मला बिचारी करायचं नाही. दोन, माझा आवाज त्यात घ्यायचा नाही. तालात मी अडखळत नाही हे ऐकून लोक टाळ्या पिटतील, आणि मला कुणाच्या अल्बममधला चमत्कार व्हायचं नाही. धाकटीच्या मनात नेमकं तेच येऊन गेलं होतं. ती मान हलवून मोकळी झाली.

निघताना तिनं विचारलं, आईला सांगू का, की तुला सगळं माहीत होतं. ताई म्हणाली की ते मी सांगते. आणि सांगितलंही, त्याच रविवारी. दोघी खिडकीपाशी काय बोलल्या ते धाकटीला कळलं नाही. तिला त्यांनी दूध आणायला पाठवलं होतं. ती परत आली तेव्हा आई ताईच्या कामाच्या कोटाचा खिसा शिवत होती आणि तिचे डोळे लाल होते, पण ती ताईला टाके कसे उसवायचे यावरून टोकत होती, म्हणजे सगळं ठीक होतं.

नवं गाणं धाकटीनं शिकवण्याच्या गाडीत लिहिलं. दुपारच्या जेवणाच्या तासाला ती गाडी मोकळ्या मैदानाच्या कडेला लावायची, डबा मांडीवर आणि कागद स्टिअरिंगवर. तिथं आवाज घुमत नाही, म्हटलेली ओळ जशी आहे तशी कानाला लागते. तीन दुपारी तिनं लिहिलं आणि खोडलं. पहिल्या दिवशीचं सगळं स्वतःला बदडून काढणारं होतं. दुसऱ्या दिवशी वाचल्यावर तिच्या लक्षात आलं की यातही मीच मोठी, मीच मधोमध. ते चुरगाळून तिनं डब्याच्या पिशवीत टाकलं. सामना जिंकायचा नाही, हिशेब मांडायचा नाही, फक्त आधीचं आधी आणि नंतरचं नंतर सांगायचं, असं ठरवल्यावर ओळी सुटायला लागल्या. चौथ्या दिवशी शिकायला आलेल्या पोस्टमनला ती म्हणाली की आज दहा मिनिटं उशीर होईल, तोवर तुम्ही सीट आणि आरसे लावून घ्या. त्या दहा मिनिटांत शेवटच्या दोन ओळी झाल्या.

ठोक्याच्या खोलीत, गाद्यांच्या मधे, तिनं ते एकदा गायलं. ठोक्यानं पुन्हा म्हण असं सांगितलं नाही. तो म्हणाला की ताल जरा मागे घेतो, शब्दांना जागा हवी. मग तारा गुंडाळता गुंडाळता म्हणाला की बाक मी वाजवला होता, तेही घाल. तिनं घातलं.

*कात्रीच्या आधीचं सांगते, जे मी टाळलं होतं:*
*माझ्या पहिल्या टाळीखाली ताईचं मौन होतं.*
*बाक माझा, ठेका त्याचा, शाळा सगळी हसली,*
*खांबापाशी उभी होती ती मला नाही दिसली.*
*वर्षभर ती हात उचले, ओठांना कुलूप,*
*हजर असून गैरहजर. मला टाळ्यांचा हुरूप.*
*आईची कात्री चालली, उगाच चालली नाही;*
*घरात दोन मुली होत्या, विसरले मी ताई.*

आधीचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा तिनं स्वतःच्या हातानं काढून टाकला आणि त्या जागी लिहिलं की हे गाणं अर्धं होतं, पूर्ण रविवारी ऐका. काहींना ते आवडलं नाही. कुणी लिहिलं की घरच्यांनी दम दिलेला दिसतो. वणव्यानं फोन करून सांगितलं की वेडी आहेस, लोकांना चीड हवी असते, कबुली नको. धाकटीनं त्याला विचारलं, सामन्यात मला हरवलंयस का कधी. तो नाही म्हणाला. मग बघच, असं म्हणून तिनं फोन ठेवला.

अल्बमचा कार्यक्रम वाचनालयाच्या सभागृहात होता, रविवारी दुपारी. दीडशे खुर्च्या, त्या भरल्या आणि मागे भिंतीला टेकून लोक उभे राहिले. त्यात निम्मे तरी तिचे विद्यार्थी होते. ड्रायव्हिंग स्कूलचे मालक पहिल्या रांगेत इस्त्रीच्या शर्टात बसले होते आणि रॅप या प्रकाराबद्दल शेजाऱ्याला माहिती देत होते. आई आणि ताई तिसऱ्या रांगेत. कोटवाल्या बाईही आल्या होत्या, तोच कोट घालून, हवा उकाड्याची असूनही.

धाकटी स्टेजवर आली. तिनं पहिली सहा गाणी एकामागून एक अशी फेकली की लोकांना टाळ्या वाजवायलाही फट मिळेना. तिसऱ्या गाण्याला भिंतीवर गाडी घालणारा खरा माणूस मागच्या रांगेत उठून उभा राहिला आणि त्यानं वाकून सगळ्यांना नमस्कार केला. सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी.

मग ती थांबली, पाणी प्यायली आणि एवढंच म्हणाली, “आता सातवं. हे मी आधी चुकीच्या जागेवरून सुरू केलं होतं.”

गाणं संपल्यावर कुणी टाळी वाजवली नाही. लोकांना कळेना की टाळी वाजवणं बरं दिसेल का. धाकटीनं त्या शांततेला हात लावला नाही, ती भरून काढायची घाईही केली नाही. तिसऱ्या रांगेत तिनं एकदाच पाहिलं. आई समोर बघत होती, पाठ ताठ. ताईनं ओठ किंचित मुडपले होते. एखादी शीर पहिल्या खेपेला सापडली की ती असे मुडपायची. तेवढं धाकटीला पुरे होतं. तिनं ठोक्याला खूण केली आणि आठवं सुरू केलं, दहांतलं सगळ्यांत वेगवान. लोकांनी अडवून धरलेला श्वास त्या गाण्यावर असा सोडला की वाचनालयाचे ग्रंथपाल दार उघडून बघायला आले.

अल्बमनं आभाळाला भोक पाडलं नाही. पण तो ऐकला गेला, आणि ऐकणारे परत परत ऐकत राहिले. ‘वही’ला आधीच्या तुकड्याइतका गाजावाजा मिळाला नाही, मात्र पत्रं वेगळी आली. एका बाईनं लिहिलं की मी माझ्या भावाला फोन केला, बारा वर्षांनी. एकानं नुसतं लिहिलं की मी हसणाऱ्यांतला होतो. धाकटीनं प्रत्येकाला उत्तर लिहिलं, दोन ओळींचं का होईना. वणवा पुन्हा फोन करून म्हणाला की माझ्या पुढच्या गाण्यात दोन कडवी गाशील का. ती म्हणाली, आधी लिहून पाठव, मग बघते.

पण ते सगळं पुढे. कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी आठ वाजता ती गाडीत होती. पोस्टमन स्टिअरिंगवर बसला, पट्टा लावला, आरसे नीट केले आणि सुरू करायच्या आधी थोडा घुटमळला. त्यानं काल मागे उभं राहून सगळं ऐकलं होतं.

“मॅडम,” तो म्हणाला, “एवढं सगळं लोकांसमोर बोललात. भीती नाही वाटली?”

“वाटली ना,” धाकटी म्हणाली. “लिहिताना. म्हणताना नाही. चला, पहिला टाका. आज मोठ्या रस्त्यावर जायचंय.”

त्यानं पहिला टाकला. गाडी एक हिसका देऊन निघाली, आणि फाटकापर्यंत पोचेतो धाकटीचं तोंड सुरू झालं होतं.